चूलबंद आवतण

आमच्या गावातल्या किराणावाल्याच्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण मी न्हाणीत, डोक्याला साबण लावलेला असताना स्वीकारलेलं आहे. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो आहे. इतकी वर्षं झाली, पण ती सकाळ आठवली की अजून माझ्या डोळ्यांची आग होते.

आमची न्हाणी घरामागे आहे. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला पत्र्याचं दार, वर आभाळ. मी निवांत अंग चोळत होतो, तेवढ्यात पुढच्या दारी पुंजाकाकांचा आवाज आला. आवतण आहे म्हणाले. सुमन, म्हणजे माझी बायको, त्यांना म्हणाली, "मामाजी, ते आंघोळ करून राह्यले. माह्याजवळ द्या ना."

"नाही सूनबाई. मालक घरात हाये ना? मंग मालकाच्या हातात."

आणि हा साठी उलटलेला माणूस हातात अक्षतांची थाळी घेऊन थेट माझ्या पत्र्याच्या दारापाशी आला.

"दत्तू!"

"काका, मी आंघोळ करून राह्यलो."

"कर ना बाप्पा. तुले कोनी मना केलं? हात काढ भाईर."

मी म्हटलं, सुमनजवळ ठेवा. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. मी म्हटलं, काका, जरा तरी लाज धरा. पलीकडून एकच उत्तर, "हात काढ." शेवटी साबण डोळ्यांत उतरायला लागला तेव्हा मी पत्र्यावरून ओला हात बाहेर काढला. त्यावर त्यांनी हळदीच्या अक्षता ठेवल्या आणि संपूर्ण आमंत्रण सांगितलं. लग्न कोणाचं, कोणाशी, सोयरे कुठले, वार कोणता, मुहूर्त किती वाजता, मांडव कुठे. एवढ्यावर भागलं नाही.

"आता मी काय म्हनलं ते सांग."

मी डोळे मिटून, एका हातात अक्षता आणि एका हातात तांब्या धरून, ते सगळं पाठ म्हणून दाखवलं. मुहूर्ताची वेळ चुकली, ती त्यांनी दुरुस्त केली. मग अंगणात ठणठणीत आवाज आला, "तामील झाली!" आणि ते पुढच्या घरी गेले.

पुंजाराम काका हे आमच्या गल्लीतले. गाव तलमडुगु मंडलातलं, मंडल म्हणजे तालुका, कापूस आणि ज्वारीचं. माझी विहिरीखालची दोन एकर जमीन आहे, तीत मी वांगी, मेथी आणि सांबार काढतो. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. उजाडायच्या आत गाडीवर माल बांधून आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, जातो आणि दुपारपर्यंत तेलुगू, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत लोकांशी हुज्जत घालतो. घरी आल्यावर मला माणसाचं तोंड बघावंसं वाटत नाही. यात माझं काही चुकतं असं मला वाटत नाही. मी दार लावून घेतो आणि पडतो.

पुंजाकाकांच्या मते यात माझं सगळंच चुकतं. भरल्या पारावर, दहा माणसांच्या देखत त्यांनी मला माणूसघाणा म्हटलं. मी म्हटलं, काका, मला एकटं राहायला आवडतं एवढंच. त्यावर त्यांनी मला जो धडा दिला तो ऐकून मी तिथून उठूनच गेलो.

"एकलकोंडा येगळा अन् माणूसघाणा येगळा," ते म्हणाले. "एकलकोंड्याले मानसं पायजे असते, पर जमत नाही. माणूसघाण्याले जमते, पर पायजे नसते. तू दुसऱ्यातला."

असल्या शब्दांचा त्यांना भारी नाद. सगळं गाव त्यांनी असं वाटून ठेवलं आहे. किराणावाला बोलका, पण मिलनसार नाही, कारण "बोलका मानूस आपलं सांगते, मिलनसार मानूस तुमचं आयकते." सरपंच तोंडदेखला. माझा थोरला भाऊ लोचट, हे मात्र मला मनापासून पटलं. घराघरांतल्या संबंधांच्याही त्यांनी पायऱ्या ठरवल्या आहेत. रस्त्यात हात केला तर ती ओळख. ओसरीपर्यंत गेलं तर येणंजाणं. चहा झाला तर ऊठबस. आणि ज्या घरात माणूस स्वयंपाकघरात जाऊन आपल्या हातानं माठातलं पाणी घेतो, तिथे घरोबा. आमच्या घरी ते रोज आपल्या हातानं पाणी घेत. मी कधी त्यांच्या घरी जाऊन पाणी घेतलं का, असा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. मलाही तो सुचला नाही.

ज्याला बोलावल्यावर जावंसं वाटत नाही आणि आलेल्याला बस म्हणावंसं वाटत नाही, अशा माणसाला ते म्हणतात, "याले मुर्वत नाही." हा शब्द त्यांनी कचेरीतून आणला. ते तहसील कचेरीत शिपाई होते आणि नोटिसा बजावायचं काम त्यांच्याकडे होतं. नोटीस ज्याच्या नावाची त्याच्याच हातात पडली पाहिजे, त्याला ती समजली पाहिजे आणि तशी नोंद झाली पाहिजे, याला कचेरीत तामील म्हणत. अख्खी नोकरी त्यांनी हेच केलं. मंडलातल्या गावागावांत पुंजाराम शिपाई सायकलवरून येताना दिसला की लोक मागच्या दारानं शेतात पळत. बायका दाराआडून सांगत, घरी नाहीत. दारासमोर चपला असत आणि माणूस नसे. त्या चपला बघायची सवय त्यांना तिथे लागली. आजही आवतण द्यायला आले की ते आधी चपला मोजतात. एक जोड जास्त दिसला तर विचारतात, "पाव्हना कोन हाये? त्याले बी बलाव." पाहुण्यालाही आवतण मिळतं. मुक्कामाला आलेल्या माझ्या साडूला एकदा अशा लग्नाला यावं लागलं होतं, ज्यात तो कोणालाच ओळखत नव्हता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. पूर्वी ज्याच्या घरी लग्न त्याच्या घरच्या बायका हळदकुंकू आणि अक्षता घेऊन घरोघर फिरत. घरातल्या बाईला कुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या, आवतण सांगायचं. पुंजाकाका म्हणाले, बायकांना कशाला उन्हात फिरवता, मी जातो. झालं. अकरा वर्षं गावातलं एकेक लग्न, बारसं, वास्तू, सगळ्याचं आवतण त्यांच्याच पायांनी फिरतं. कुंकवाचा करंडा घरातली एखादी पोरगी धरते. कोणाकडून ते सुपारीचं खांडही घेत नाहीत.

आवतणाचे आमच्याकडे तीन प्रकार. घरटी एक, म्हणजे प्रत्येक घरातून एकानं यायचं. जोडीचं, म्हणजे नवराबायकोनं यायचं. आणि चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, तान्ह्या लेकरापासून आजीपर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. तिसरा प्रकार सगळ्यात मानाचा. पुंजाकाकांना पहिले दोन प्रकार मान्यच नाहीत. घरटी एक सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की ऐकणाऱ्यालाच अपमान झाल्यासारखं वाटतं.

आता सरपंचाच्या पुतण्याच्या लग्नाची गोष्ट. ती सांगताना माझं डोकं आजही तापतं. त्या लोकांनी पत्रिकेचा फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' असं खाली लिहिलं. पुंजाकाकांकडे साधा बटणांचा फोन. त्यांना कोणीतरी तो फोटो दाखवला. तिसऱ्या दिवशी पारावर म्हणाले, "हे आवतन नोहे. हे बातमी हाये. बातमी आयकून कोनी जेवाले जाते काय?"

एवढंच म्हणाले, पण ते वाक्य गावभर फिरलं. ज्याला त्याला वाटायला लागलं की आपण गेलो तर आपल्याला काही किंमत नाही असं दिसेल. लग्नाच्या दिवशी अर्धं गाव घरी बसलं. सरपंच मंडपात एकटाच येरझाऱ्या घालत होता म्हणे. म्हणे, कारण मीही घरीच बसलो होतो. आणि त्या लग्नातली वांगी माझी होती! चाळीस किलो, काटेरी, कोवळी वांगी मी स्वतःच्या हातानं तोडून तिथे पोचवली होती. त्यांची भाजी झाली, तिचा वास वाऱ्यावर माझ्या अंगणापर्यंत आला, आणि मी सुमननं केलेल्या पातळ वरणात भाकर कुस्करत बसलो. का? तर पुंजाकाका म्हणाले, ती बातमी आहे.

संध्याकाळी मी त्यांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "तुले जायाचं होतं त जायाचं होतं. मी काय तुह्या दाराले कडी लावली होती?"

आणि याहून चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. जगाला जेवायला बोलावत फिरणारा हा माणूस स्वतः कोणाच्याही लग्नात जेवत नाही. येतो सगळ्यांच्या आधी. मांडवाच्या तोंडाशी उभा राहतो. कोण आलं, कोण नाही आलं ते बघतो, म्हाताऱ्यांना खुर्च्या देववतो, मागे राहिलेल्या घरी निरोप धाडतो. अक्षता पडल्या, पंगत बसायला लागली की गायब. याची कारणं गावात घरागणिक वेगळी. कोणी म्हणे त्यांना पथ्य आहे. कोणी म्हणे बायको वारल्यावर बाहेरचं अन्न सोडलं. माझा भाऊ म्हणे, कचेरीत राहिलेला माणूस, आपलं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नाही. मला हे शेवटचं कारण खरं वाटायचं. कारण माझ्या घरी वास्तू झाली, पुढे माझ्या मुलीच्या, वैशालीच्या, बारावीच्या पेढ्यांनंतर मी सगळ्या गल्लीला जेवण दिलं, आणि दोन्ही वेळेला पुंजाकाका माझ्या पत्रावळीला न शिवता निघून गेले. मी मनात धरून ठेवलं होतं.

मग वैशालीचं लग्न ठरलं. माझी एकुलती मुलगी. हैदराबादला एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगा मुधोळचा, चांगला, शांत. वैशाली म्हणाली, "पप्पा, सगळ्यांना फोनवर पत्रिका पाठवून देऊ." मला सरपंचाचा मंडप आठवला आणि मी नको म्हटलं. घरटी एक आवतण द्यायचं ठरवलं. मला गर्दी सोसत नाही. मुलीचं लग्न डोळे भरून बघावं, दोन शब्द तिच्याशी बोलावेत, एवढीच माझी इच्छा होती.

पुंजाकाका न बोलावता आले. माठातलं पाणी घेतलं आणि म्हणाले, "कवा निंगू?"

"काका, घरटी एक सांगायचं."

"काऊन?"

"मले गर्दी नको."

"पोरीचं लगन हाये का पंचायतीची मीटिंग? घरटी एक त मीटिंगले सांगतेत."

मी आवाज चढवला. लग्न माझं... म्हणजे माझ्या मुलीचं. आचारी मी आदिलाबादहून ठरवला आहे. त्याला मी माणसं सांगून बसलो आहे. हे ऐकून ते मान हलवत उठले. सुमननं हळद कालवलेल्या अक्षतांनी त्यांची थाळी भरून दिली, आणि हा मनुष्य चार दिवस गावभर फिरला, आणि प्रत्येक दारात, माझ्या नावानं, चूलबंद सांगून आला. मला हे कळलं लग्नाच्या आदल्या दिवशी, तेही पिठाच्या गिरणीत. एक म्हातारी मला म्हणाली, "दत्तू, तू मोठ्या मनाचा निंगाला रे बापा. आमाले वाटलं नोहतं."

मला त्या गिरणीतच रडू यायचं बाकी होतं. आता नाही तरी कसं म्हणणार? आचाऱ्याला फोन केला. तो हिंदीत जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

लग्नाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर सगळं गाव लोटलं. कडेवर लेकरं, काठी टेकत म्हातारे, महिनोन्महिने घराबाहेर न पडलेली माणसं. तीनदा भात टाकावा लागला. मी भाताच्या मागे, पाण्याच्या मागे, पत्रावळींच्या मागे धावत होतो. वैशालीनं माझ्याकडे बघून दोनदा हात केला, मला जाता आलं नाही. मुधोळचे व्याही मात्र भारावून गेले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या गावात माणुसकी लय हाये. आमच्याकडे आता एवढी मानसं येत नाहीत." मी हसलो. मनातून मी पुंजाकाकांना शोधत होतो, त्यांना चांगलं फैलावर घ्यायला.

शेवटची पंगत बसली तेव्हा ते मला दिसले. शाळेच्या फाटकातून बाहेर चालले होते, नेहमीसारखे, न जेवता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात बुंदीचं भांडं होतं, ते घेऊनच मी मागे धावलो.

"काका! साऱ्या गावाले चूलबंद सांगता, मले न इचारता सांगता, माह्या जिवाचा पार चेंदा करता, अन् माह्याच घरचं अन्न तुमाले चालत नाही? मी माणूसघाणा, मंग तुमी कोन?"

फाटकापाशी चार माणसं होती, ती वळून बघायला लागली. काका थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेले दिसत नव्हते. थोडे गोंधळलेले दिसत होते.

"मले कोनी सांगतलं?" ते म्हणाले.

"काय सांगतलं?"

"आवतन. मले कोनी देल्लं?"

मला हसू आलं. "तुमीच त देत होते ना गावभर!"

"तुह्यं आवतन मी लोकाईले देल्लं. मले कोनी देल्लं?"

मी त्या चार माणसांकडे पाहिलं, ती आपापल्या चपला शोधायला लागली.

"गंगू होती तवा बाया येत होत्या," ते हळू म्हणाले. गंगूबाई त्यांची बायको. "तिले कुंकू लावत, आवतन सांगत. मी बी जात होतो तिच्यासंगं. ते गेली, मंग कोनी आलं नाही. घरात बाईमानूस नाही, कुंकू कोनाले लावतीन? त्याईचं बी बरोबर हाये. पर बिना आवतनाचं मी कसा जेवू, दत्तू? मले जमत नाही."

एवढं बोलून ते गेले. मी बुंदीचं भांडं हातात धरून तिथेच उभा राहिलो.

सुरुवातीला मला त्यांचाच राग आला, हे मी कबूल करतो. अकरा वर्षं! तोंडानं एकदा सांगता येत नव्हतं? न्हाणीत घुसून आवतण देणाऱ्याला एवढं म्हणायला लाज वाटत होती? मग मी गावाकडे वळलो. दोन दिवस ज्याला त्याला विचारत सुटलो, पुंजाकाकांना तुमच्या घरचं आवतण कोणी दिलं होतं? किराणावाला म्हणाला, त्यांना काय द्यायचं, तेच तर देत होते. माझा थोरला भाऊ म्हणाला, मला वाटलं घरातल्या बायकांनी सांगितलं असेल. बायका म्हणाल्या, बाप्यांनी सांगितलं असेल. आणि सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, शेवटी एकच म्हटलं, "अरे, ते त घरचेच हायेत."

या घरचेच शब्दाची मला इतकी चीड आली की काय सांगू. माणसाला आपल्यात धरायचा हा शब्द, आणि आम्ही त्याचा उपयोग काय केला? घरचा म्हटलं की त्याला बोलवायला नको, वाढायला नको, जेवला का विचारायला नको. परक्या गावच्या साडूला अक्षता मिळाल्या आणि याला अकरा वर्षं एक दाणा नाही. लोकांवर ओरडून ओरडून मी घरी आलो तेव्हा सुमन ओट्यापाशी बसून रडत होती.

"लोकाईवर काऊन वरडून राह्यले?" ती म्हणाली. "थाळी मी भरली. चार दिवस रोज सकाळी मामाजीच्या हातात मीच देल्ली. त्यातला एक दाना उचलून त्याईच्या हातावर ठेवाचं मले सुचलं नाही. तुमाले बी नाही."

मग मात्र मी कोणावर ओरडलो नाही. लाज वाटली, खरी लाज. मी त्यांना गर्विष्ठ समजत होतो. त्यांनी माझी पत्रावळ टाळली म्हणून मनात धरून बसलो होतो, आणि ती पत्रावळ मी त्यांच्यासाठी कधी मांडलीच नव्हती.

लग्नानंतर मांडव उतरवतात त्या दिवशी आमच्याकडे घरच्यांचं गोड जेवण असतं. त्याला मांडवपरतणी म्हणतात. आदल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी आणि सुमन थाळी घेऊन निघालो. पुंजाकाकांचं घर आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आहे, चालत तीन मिनिटं. मी त्या घराच्या ओसरीवरही कधी गेलो नव्हतो. वाटेत मी सुमनला विचारलं, कुंकू कोणाला लावणार? ती म्हणाली, "पाहू."

दार उघडं होतं. एक खोली, कोपऱ्यात मातीची चूल, तव्यावर भाकर. काका थापायला दुसरी घेत होते. सुमन वाकली आणि तिनं उंबऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं. ते परातीवर हात तसेच ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

मी घसा साफ केला. इतकी वर्षं ऐकलेलं आवतण मला नीट सांगता येत नव्हतं. "काका, उद्या दुपारी आमच्या घरी मांडवपरतनी हाये. जेवाले या. चूलबंद आवतन हाये."

ते उठले. आम्हाला तिथेच सोडून आतल्या खुंटीकडे गेले, सदरा घातला, वरची गुंडीही लावली, टोपी घातली. मग उंबऱ्याशी येऊन दोन्ही हात पुढे केले. बोटांना पीठ होतं. सुमननं त्या हातांवर अक्षता ठेवल्या. आवतण घेणारा माणूस जे म्हणतो तेच ते म्हणाले.

"हो. सांगतो घरच्याईले."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी दुसरीकडे पाहिलं.

अक्षता त्यांनी देवापाशी ठेवल्या, चुलीपाशी गेले, जळतं लाकूड ओढून बाहेर काढलं आणि त्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. तव्यावरची भाकर एका बाजूनं कच्चीच होती.

"मामाजी, काय करून राह्यले?" सुमन ओरडली. "जेवन उद्या हाये!"

"चूलबंद म्हनलं ना दत्तूनं?"

"उद्याचं म्हनलं!"

"मंग बंद केली," ते म्हणाले. आणि धुराकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते. धूर होताच खोलीत, पण तो आमच्याही डोळ्यांत जात होता.

मी त्यांना समजवायला जाणार होतो की उद्या दुपारपर्यंत माणूस उपाशी कसा राहील. सुमननं माझा हात मागे ओढला. थाळीतल्या आणखी चार अक्षता उचलल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या.

"हे आजचं, मामाजी. आज बी आमच्याकडेच."

त्यांनी त्याही घेतल्या.

आम्ही निघालो. ते पुढे, आम्ही मागे. पहिल्याच घरापाशी ते थांबले. ओसरीवर एक म्हातारा बसला होता, त्यानं काहीही विचारलं नव्हतं. काका त्याला म्हणाले, "दत्तूच्या घरी जेवाले चाललो. आवतन आलं." पुढच्या घरी एक बाई भांडी घासत होती. तिलाही सांगितलं. मग त्याच्या पुढच्या घरी. बंद दार दिसलं तर ते वाजवून, आतल्या माणसाला बाहेर बोलावून सांगितलं. तीन मिनिटांच्या गल्लीला आम्हाला अर्धा तास लागला. लोक त्यांचं ऐकून घेत आणि मग मागे माझ्याकडे बघत. आणि मी प्रत्येक दारात थांबून म्हणत होतो, हो, आम्हीच दिलं, आमच्याकडेच चाललेत.